वायसी-१४ व वायसी-१५
सी-१३० हर्क्युलिस या पंखेवाल्या मालवाहू विमानाला जेट पर्याय शोधण्याच्या अमेरिकी हवाई दलाच्या योजनेतले (१९७२–७९) दोन प्रतिस्पर्धी आराखडे. सुमारे १२ टन भार घेऊन अवघ्या ६१० मी. लांबीच्या कच्च्या धावपट्टीवरून उतरणे-उडणे ही मुख्य अट. बोइंगच्या वायसी-१४ मध्ये दोन इंजिने पंखाच्या वर होती. त्यांचा झोत पंखाच्या पाठीला चिकटून वाहत फ्लॅपसोबत (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपेसोबत) खाली वळे व उचल वाढे. मॅकडोनेल डग्लसच्या वायसी-१५ ची चार इंजिने पंखाखाली होती आणि त्यांचा झोत सरळ फ्लॅपवर आदळे. पुढचे चाक डीसी-८ चे, वैमानिककक्ष डीसी-१० चा, असा हा काहीसा जुळवाजुळवीचा, पण शहाणा कारभार.

विजेता न ठरवताच योजना गुंडाळली गेली, म्हणून ती वाया गेली असे म्हटले जाते. हे पटत नाही. १९८१ मध्ये निवडलेल्या सी-१७ या मालवाहू विमानाने वायसी-१५ चीच फ्लॅपरचना उचलली. सी-१७ कितीतरी मोठे आणि लांब पल्ल्याचे, तेव्हा हा वारसा कसला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे: काम बदलले, पण आखूड धावपट्टीवर जड विमान उतरवण्याची युक्ती तीच राहिली. भारतीय हवाई दलही सी-१७ २०१३ पासून वापरते.