मण्यांच्या डब्याचा इतिहास

स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप आला, तेव्हा मी लगेच हो म्हटले. शाळेची स्थापना, इमारत, मुख्याध्यापक, निकाल यांवर इतरांनी लिहिले असेलच. मी लिहिणार आहे शिवणाच्या वर्गातल्या कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात असलेल्या पत्र्याच्या डब्यावर. १९८१ च्या दहावीच्या तुकडीतल्या मुलींना तो नक्की आठवत असेल. झाकण उघडताना तो इतका वाजायचा की शेजारच्या वर्गातल्या सरांना कळायचे, गॅदरिंग जवळ आले!

त्या डब्यात नाचाचे दागिने होते. सगळे मण्यांचे आणि सगळे हाताने केलेले. बाजूबंद, वाक्या, मेखला, बिंद्या. सोन्याचा रंग दिलेले मणी, पांढरे खोटे मोती आणि मधूनमधून लाल काचमणी.

नाशिकला मणी काही नवे नाहीत. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. त्याच्या अहवालात भांडी आणि नाण्यांबरोबर मण्यांचीही नोंद आहे. म्हणजे आपल्या गावात दोन हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी मणी ओवत बसले होते. आपली सहल सिन्नरच्या गोंदेश्वराला गेली होती, ते आठवते का? तिथल्या मूर्तींच्या कमरेच्या मेखलांकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या होत्या, "बघा गं, पदर कसे सोडलेत ते." तेव्हा आम्हाला वाटले, बाई मूर्ती दाखवताहेत. खरे तर त्या नमुना दाखवत होत्या.

नाचाच्या पोशाखाचा नाशिकशी आणखी एक संबंध आहे. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर मुंबईहून नाशिकला आले आणि १९१३ मध्येच त्यांनी इथे 'मोहिनी भस्मासुर' केला. 'हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाने केले होते. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. भारतीय चित्रपटात स्त्रियांनी काम करण्याची सुरुवात या मायलेकींपासून झाली. मोहिनीच्या कथेत सगळा भार नृत्यावर असतो. तिच्या मागोमाग नाचतानाच भस्मासुर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतो. अशा मोहिनीच्या अंगावरचे दागिने दुरून दिसायला हवेत आणि नाचताना जागचे हलता कामा नयेत. आमच्या बाईंपुढेही हाच प्रश्न होता.

नाटकाच्या जुन्या दागिन्यांत पुठ्ठा आणि बेगड असायची. बेगड चमकते छान, पण एका प्रयोगात चुरगळते आणि घाम लागला की सुटते. मणी दहा वर्षे टिकतो, धुता येतो, तुटला तर पुन्हा ओवता येतो. शाळेच्या तुटपुंज्या पैशांत हे फार महत्त्वाचे होते.

हे काम बाई कुठे शिकल्या? मला वाटते, ते आपल्या घराघरांतच होते. एक वाट सराफ बाजारातली. सराफांच्या दुकानाच्या पायरीशी बसून मंगळसूत्र, पोत, मोत्यांचे सर गाठवून देणारे पटवेकरी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ते इतक्या झपाट्याने गाठ मारतात की बघणाऱ्याला गाठ दिसतच नाही. दुसरी वाट रुखवताची. मण्यांची तोरणे, महिरपी, मण्यांनी विणलेले गणपती. तिसरी वाट संक्रांतीची. नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी हलव्याचे दागिने करायचे. हलव्याचा दाणा दोऱ्यात गुंफायचा आणि त्यातून हार, बाजूबंद, वाकी, मुकुट घडवायचा. मण्याला निदान भोक तरी असते! गॅदरिंग आणि संक्रांत आगेमागेच येत. ज्या आया घरी हलवा गुंफत होत्या, त्याच दुपारी शाळेत येऊन मणी ओवत होत्या.

मणी मात्र दुरून येत. एके काळी बारीक काचमणी युरोपातून, विशेषतः चेक प्रदेशातल्या याब्लोनेत्स गावाकडून जगभर जात. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि देशी मण्यांचे महत्त्व वाढले. काचमण्यांसाठी उत्तर प्रदेशातले पुरदिलनगर आणि वाराणसी ही नावे आजही घेतली जातात. पुढे प्लॅस्टिकचे मोती आले. ते हलके आणि स्वस्त. बाईंना ते आवडत नसत, पण सहावीच्या मुलीच्या हाताला काचेचे वजन होते, हे त्यांना मान्य होते.

करण्याची रीत अशी. आधी बक्रमची पट्टी मुलीच्या दंडाच्या मापाने कापायची. तिला मागून जुन्या साडीचे मऊ कापड लावायचे, म्हणजे कातडी सोलवटत नाही. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. मणी ओवायचे आणि दर पाच मण्यांनंतर पट्टीतून टाका घेऊन गाठ मारायची. टोकाला हूक लावायचा नाही, नाड्या लावायच्या. कारण यंदाची नाचणारी आणि पुढल्या वर्षीची नाचणारी यांचे दंड सारखे नसतात.

बाईंच्या वहीत हिशेब असे. एका वाकीला चाळीस मण्यांच्या पाच ओळी, म्हणजे २००. बाजूबंदाला साठच्या तीन, म्हणजे १८०. मेखलेला ५२५. दोन वाक्या, दोन बाजूबंद आणि एक मेखला धरून एका मुलीचे १,२८५ मणी. बारा मुलींचे १५,४२०. बिंद्या वेगळ्या. बाईंनी हे गणित आम्हाला सोडवायला दिले होते आणि माझे चुकले होते.

या डब्याचा एक गुण तेव्हा लक्षात आला नव्हता. आमच्या वर्गात सराफाची मुलगी होती आणि विडी वळणाऱ्या आईचीही मुलगी होती. घरून दागिने आणायला बाईंची सक्त मनाई. रंगमंचावर बारा जणींच्या अंगावर एकच डबा असायचा. घरी कोणाच्या काय आहे, हे प्रेक्षकांना कळत नसे आणि त्या दहा मिनिटांपुरते आम्हालाही नाही.

आता गॅदरिंगचे पोशाख भाड्याने येतात. दागिने त्यांच्याबरोबरच पिशवीतून येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. मी नावे ठेवत नाही. आजच्या आयांना दुपार मोकळी नसते. पण जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळताना एक गोष्ट लागली. त्यांत नाचणाऱ्यांची नावे आहेत, पाहुण्यांची आहेत, पडदा ओढणाऱ्यांचीही आहेत. मणी ओवणाऱ्यांची कुठेच नाहीत. डब्याचे पुढे काय झाले, तेही कोणी लिहून ठेवलेले नाही.

म्हणून माझा एक कबुलीजबाब इथे लिहून ठेवते. दहावीच्या वर्षी वाक्या कमी पडल्या, तेव्हा एक मी ओवली. घाईत होते. पाच मण्यांनंतरची गाठ मारलीच नाही, नुसता दोरा ओढून घेतला. नाचात गिरकी घेताना ती तुटली. मणी सगळीकडे घरंगळले आणि अनवाणी पायांखाली आले. शेजारची मैत्रीण घसरता घसरता सावरली आणि हसतमुखाने नाचत राहिली. टाळ्या पडल्या, पण मी घाबरले होते. उरलेली वाकी दप्तरात लपवली. बाईंनी मोजल्या, तर चोवीसऐवजी तेवीस. त्या कोणालाच काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी डब्यात पुन्हा चोवीस होत्या, असे धाकट्या बहिणीकडून कळले.

ती वाकी इतकी वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात सराफ बाजारात जाऊन एका पटवेकरीकाकांना दाखवली. ते म्हणाले, "गाठ नाही, म्हणून गेली." दोरा आणि मेण घेऊन घरी आले आणि दोनशेच्या दोनशे मणी पुन्हा ओवले. दर पाच मण्यांनंतर गाठ मारून. तीन संध्याकाळी लागल्या.

बाई मेळाव्याला येणार आहेत, असे संयोजकांकडून कळले. वाकी पर्समध्ये ठेवली आहे. मैत्रिणींनो, तुमच्याकडे काही असेल, एखादी बिंदी किंवा मेखलेचा तुकडा, तर घेऊन या. आणि तुमच्या आईने किंवा मावशीने शाळेत बसून मणी ओवले असतील, तर तिचे नाव कागदावर लिहून आणा. डबा आता नाही. यादी तरी करू.