बहादूर शाह : नेपाळचा विस्तार घडविणारा राजपुत्र

नेपाळच्या राजघराण्यात राजमुकुट न लाभताही राज्याच्या सीमा आमूलाग्र बदलणारा पुरुष म्हणून बहादूर शाह यांचे नाव घेतले जाते. आधुनिक नेपाळचे संस्थापक पृथ्वीनारायण शाह यांचे हे धाकटे पुत्र. जन्म १७५७ चा.

पृथ्वीनारायण १७७५ मध्ये निवर्तले आणि थोरले पुत्र प्रतापसिंह गादीवर आले. धाकट्या भावाविषयी त्यांना विश्वास नव्हता. बहादूर शाह यांच्या वाट्याला हद्दपारी आली. प्रतापसिंहही १७७७ मध्ये अकाली वारले. गादीचा वारस रणबहादूर तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा होता. कारभार कोणी पाहावा, या प्रश्नावरून बालराजाची माता राजेंद्रलक्ष्मी आणि परतलेले काका यांच्यात उघड संघर्ष पेटला. राणीच्या मर्जीतील सर्वजित राणा यांचा वध झाला, खुद्द राणीला काही काळ नजरकैद सोसावी लागली. पुढे पारडे फिरले आणि बहादूर शाह यांना सध्याच्या बिहारमधील बेतियात आश्रय घ्यावा लागला. १७८५ मध्ये राणीच्या निधनानंतरच त्यांच्यासाठी काठमांडूचे दरवाजे उघडले.

त्यानंतरची सुमारे नऊ वर्षे त्यांची. सैन्याइतकाच सोयरिकीचाही त्यांनी उपयोग केला: पाल्पाच्या राजकन्येशी विवाह करून त्या बलाढ्य राज्याला आपल्या बाजूस वळविले आणि पश्चिमेकडील छोटी संस्थाने एकेक करून जिंकली. १७८९ मध्ये जुमला पडले. १७९० मध्ये गोरखा फौजा महाकाली नदी ओलांडून अल्मोड्यात शिरल्या. गढवालला खंडणी मान्य करावी लागली.

उत्तरेकडे मात्र हिशेब चुकला. नेपाळमध्ये पाडलेल्या चांदीच्या हिणकस नाण्यांवरून तिबेटशी वाद होताच. त्यातून १७८८ मध्ये युद्ध झाले. १७९१ मध्ये गोरख्यांनी शिगात्से येथील ताशिल्हुन्पो मठ लुटला आणि चीनचा सम्राट संतापला. पुढच्याच वर्षी चिनी सैन्य नुवाकोटनजीकच्या बेत्रावतीपर्यंत येऊन ठेपले. नेपाळला तह करून दर पाच वर्षांनी पेकिंगला शिष्टमंडळ पाठविण्याचे मान्य करावे लागले. या संकटात ईस्ट इंडिया कंपनीकडे मागितलेली लष्करी मदत मिळाली नाही. मध्यस्थीसाठी निघालेला कॅप्टन कर्कपॅट्रिक १७९३ मध्ये नेपाळात पोहोचला, तोवर तह होऊन गेला होता.

या नामुष्कीचा लाभ दरबारातील विरोधकांनी उठविला. ज्या पुतण्याच्या नावाने राज्य वाढविले, त्याच रणबहादूर यांनी १७९४ मध्ये काकांना पदच्युत केले. १७९७ मध्ये बहादूर शाह यांना कैदेत टाकण्यात आले आणि त्याच वर्षी, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तुरुंगातच त्यांचा अंत झाला.

रणबहादूर यांनी १७९९ मध्ये आपल्या बालपुत्रासाठी गादी सोडली. काशीतील वास्तव्यानंतर ते काठमांडूला परतले आणि १८०६ मध्ये सावत्र भाऊ शेरबहादूर यांच्या हातून मारले गेले.