गोदाखोऱ्यांतील द्राक्षमद्य व त्याचा गुलाबी प्रकार

परळी येथील ज्योतिर्लिंगास वैजनाथ, म्हणजे वैद्यनाथ, हें नांव आहे. समुद्रमंथनानंतर धन्वंतरि व अमृत या लिंगांत गुप्त झालीं अशी स्थानिक आख्यायिका आहे. आख्यायिकेस पुराव्याचें मोल नाहीं. तथापि मद्य हें औषध कीं विलास, हा प्रश्न या क्षेत्राच्या निमित्तानें विचारणें अप्रस्तुत ठरूं नये. गोदावरीच्या उगमाकडील नाशिक प्रांतांत होणाऱ्या फिकट गुलाबी द्राक्षमद्यास, ज्यास फ्रेंच नांवानें 'रोझे' म्हणतात, आज बरीच प्रसिद्धि आहे, व त्यास प्राचीन वंशावळ जोडण्याचा मोह सहज होतो. ती वंशावळ कितपत टिकते हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पहिला पुरावा आयातीचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारवर्णनांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्याची गणना आहे. इटलीच्या मद्यास पहिली पसंती, मागून लाओदिकिया व अरबस्तान येथील मद्य, असा क्रम असून राजासाठीं उंची मद्य निराळें येई. भडोचेपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून दहा दिवसांवर तगर, या दोन पेठाही तेथेंच सांगितल्या आहेत. तगर म्हणजे परळीच्या नैर्ऋत्येचें तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. पुढें १९५४-५६ मध्यें प्रवरेकांठच्या नेवासें येथील उत्खननांत भूमध्यसागरी दोनकानी कुंभांचीं खापरें मिळालीं. अशा कुंभांतून मद्य, तेल इत्यादि पदार्थ येत. यावरून द्राक्षमद्याची रुचि या देशीं होती असें फार तर म्हणतां येईल. तें येथें होत असे, असें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांतही द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून त्याच्या कापिशायन व हारहूरक या संज्ञा देशांवरून पडल्या आहेत. कापिशी ही अफगाणिस्तानांत असल्यानें रोख वायव्येकडेच जातो.

दुसरा पुरावा वैद्यकाचा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायीं 'मार्द्वीक', म्हणजे द्राक्षमद्य, हें हृद्य, मधुर, सारक व फार उष्ण नव्हे असें वर्णिलें आहे. आठव्या अध्यायीं मांसाशनानंतर व मंदाग्नींत मद्य हें अनुपान सांगितलें आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका रचिली. तेव्हां तेराव्या शतकांत हा ग्रंथ यादवदरबारीं अभ्यासिला जात होता यांत शंका नाहीं. परंतु ग्रंथांत गुण सांगितले म्हणून पदार्थ गांवोगांव होत होता असें ठरत नाहीं. प्रत्यक्ष कृतीकडे पाहिल्यास हें स्पष्ट होतें. शार्ङ्गधरसंहितेंतील द्राक्षारिष्टांत द्राक्षें ५० पळें, पाणी दोन द्रोण. तें चतुर्थांश उरेपर्यंत आटवून त्यांत गूळ २०० पळें घालावयाचा. द्राक्षांच्या चौपट गूळ! म्हणजे येथील मादकता मुख्यतः गुळाची, द्राक्ष गुणापुरतें. शिवाय काढा उकळल्यानें द्राक्षांच्या सालीवरील नैसर्गिक किण्व नष्ट होतें. अशा आसवारिष्टांस आंबविण्यासाठीं धायटीचीं तांबडीं फुलें योजण्याचा प्रघात आहे. रंगानें आरक्त असलें तरी हें औषध. यास गुलाबी मद्याचा पूर्वज मानतां येत नाहीं.

तिसरा पुरावा वेलीचा. इब्न बतूता १३४२ नंतर दक्षिणेंत आला. दौलताबादेस द्राक्षें व डाळिंबें होतात व वर्षांतून दोनदां फळ येतें, असें तो लिहितो. हें विधान अतिशयोक्तीचें वाटेल, पण दक्षिणेंत थंडीनें वेल पूर्ण झोपत नाहीं. म्हणूनच नाशिककडे आजही एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करितात, जरी पीक एकच घेतात. मात्र त्या वाक्यांत फळ आहे, मद्य नाहीं.

आतां प्रस्तुत गुलाबी मद्याकडे वळूं. काळ्या द्राक्षांचा रस सालींसह कांहीं तासच ठेवून मग निराळा काढितात. सालींचा रंग थोडाच उतरल्यानें गुलाबी छटा येते. तांबड्या मद्यांत साली आंबण्याच्या काळांतही रसांतच राहतात, हा मुख्य भेद. त्यामुळें तुरटपणा कमी राहून हें मद्य थंड करून अनेक प्रकारच्या जेवणाबरोबर घेतां येतें. फ्रान्सांतील प्रोव्हान्स प्रांत त्यासाठीं विख्यात आहे. नाशिककडे झिनफँडेल व शिराझ या परदेशी जातींपासून तें करितात. नाशिकच्या 'सुला' या मद्यशाळेचें पहिलें मद्य २००० सालीं बाजारांत आलें व २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. वंशावळ मोजावयाची ती येथून.

संग्राहकांस यांतून तीन सूचना मिळतात. पोथींत 'मार्द्वीक' आढळल्यास तो शास्त्रपाठ आहे कीं खर्चाची नोंद, हें आधीं पाहावें. 'द्राक्षारिष्ट' असल्यास गुळाचें प्रमाण तपासावें. मोडी जमाखर्चांत अत्तराच्या शेजारीं 'गुलाब' आढळल्यास तें गुलाबपाणी समजावें, मद्य नव्हे. वैद्यघराण्यांच्या दप्तरांत एखादी स्थानिक द्राक्षमद्याची कृति, गुळावांचूनची, मिळाल्यास वरील निर्णय बदलावा लागेल. तूर्त इतकेंच म्हणतां येतें कीं, नाशिकच्या गुलाबी मद्याची वेल परकी व कृति नवी आहे. जुनी आहे ती अन्नाशीं जुळणाऱ्या पेयाची आपली कल्पना, व तिचें नांव अनुपान.