रिकामी बोट आणि १९९ वर्षांचा करार

गोव्यात गेलं की आपण स्कूटर भाड्यानं घेतो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, लायसन्स दाखवायचं, डिपॉझिट ठेवायचं आणि निघायचं. पण चाळीस फुटी शिडाची बोट? आत झोपायच्या खोल्या, शेगडी, फ्रिज, संडास सगळं असलेली, आणि ती एक अनोळखी कंपनी आठवडाभरासाठी तुमच्या हवाली करते. कप्तान नाही, खलाशी नाही. ऑफिसमधल्या एका मित्रानं ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचे फोटो दाखवले, तेव्हा "किती पडले?" याच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "पण त्यांनी दिलीच कशी?"

मग काय, शनिवार-रविवार त्यातच गेला. आणि बोटीबद्दल वाचता वाचता भलतीच गोष्ट सापडली.

आधी शब्द समजून घेऊ. या प्रकाराला म्हणतात बेअरबोट चार्टर. बेअर म्हणजे नुसती, रिकामी बोट. ही पर्यटन कंपन्यांनी शोधलेली कल्पना नाही, मालवाहू जहाजांच्या धंद्यात ती फार जुनी आहे. जहाज माणसांशिवाय भाड्यानं द्यायचं. मालकी मालकाचीच, पण ताबा आणि जबाबदारी त्या मुदतीपुरती भाडेकरूची. म्हणजे सुट्टीवर आलेला अकाउंटंटसुद्धा त्या आठवड्यापुरता खराखुरा कप्तान!

हे १९६० च्या दशकात शक्य झालं, त्याला दोन कारणं होती. पहिलं, फायबरग्लास. लाकडी बोट म्हणजे म्हाताऱ्या आत्यासारखी, तिचं रोज काहीतरी दुखतं, आणि ते काय हे घरच्यांनाच कळतं. फायबरग्लासच्या बोटी साच्यातून निघू लागल्या. अमेरिकेत पिअर्सन कंपनीची ट्रायटन १९५९ साली आली आणि असल्या बोटींचं घाऊक उत्पादन सुरू झालं. सगळ्या बोटी सारख्या, स्पेअर पार्ट सारखे. आपल्या भाषेत, स्टँडर्ड कॉन्फिगरेशन. एक चालवता आली की दहाही चालवता येतात.

दुसरं कारण भूगोल. टॉर्टोला हे मुख्य बेट. त्याच्या दक्षिणेला नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर, जिंजर अशी बेटांची रांग, आणि तिच्या टोकाला व्हर्जिन गोर्डा. मध्ये सर फ्रान्सिस ड्रेक चॅनल. एका बेटावरून पुढचं बेट डोळ्यांना दिसतं. व्यापारी वारे पूर्वेकडून, बहुतेक वर्षभर. भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा. म्हणजे नवशिक्यानं हात बसवावा असं अंगणच. अपवाद अनेगाडा. हे बेट प्रवाळाचं, सपाट, जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि शेजारच्या हॉर्सशू रीफनं शेकडो जहाजं गिळली आहेत. बऱ्याच कंपन्या अननुभवी लोकांना तिकडे जाऊच देत नाहीत. रात्री बोट चालवायलाही मनाई असते.

लायसन्सपेक्षा तिथे तुमचा रेझ्युमे बघतात... हो, सेलिंगचा रेझ्युमे! कुठे, किती फुटी बोट, किती दिवस. शंका आली तर पहिले एक-दोन दिवस त्यांचा माणूस सोबत पाठवतात. आणि एक गंमत: बंदरात शिरताना आपल्या मुंबईत लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, तिथे उजव्या. अमेरिका खंडाचा नियमच उलटा आहे.

१९६९ साली चार्ली आणि जिनी कॅरी या अमेरिकन जोडप्यानं रोड टाउनला सहा पिअर्सन ३५ बोटी घेऊन 'द मूरिंग्ज' सुरू केली. या धंद्यात तेव्हा ते एकटेच नव्हते, पण पुढे त्यांचीच कंपनी जगातली एक मोठी चार्टर कंपनी झाली. या धंद्यातली खरी युक्ती पैशांची आहे. बोट विकत घेतो तिसराच कुणी हौशी माणूस. तो ती काही वर्षांसाठी कंपनीला चालवायला देतो, वर्षातले काही आठवडे स्वतः वापरतो, बाकीचे आठवडे तुम्ही-आम्ही. कंपनीला ताफा मिळतो, भांडवल दुसऱ्याचं!

आता ती भलती गोष्ट.

१९३४ नव्हे, १८३४ साली इथली गुलामगिरी संपली. ऊस आधीच डबघाईला आला होता, पुढच्या काही दशकांत मळेवाले गोरे निघून गेले, आणि जमिनी हळूहळू पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांकडे आल्या. बेटं गरीब राहिली. १९६० च्या सुमारास लोकसंख्या दहा हजारांच्याही आत होती. पण जमीन स्वतःची होती. कॅरिबियनमध्ये ही साधी गोष्ट नाही.

१९६४ साली लॉरन्स रॉकफेलरचं लिटल डिक्स बे रिसॉर्ट उघडलं आणि पर्यटन म्हणजे पैसा हे सगळ्यांना दिसलं. मग सरकारनं केन बेट्स या इंग्लिश उद्योजकाशी करार केला (हाच पुढे चेल्सी फुटबॉल क्लबचा मालक झाला). रोड टाउनच्या किनाऱ्यावरच्या विकहॅम्स के इथे भराव घालायचा, विकास करायचा. भाडेपट्टा १९९ वर्षांचा. शिवाय अनेगाडा बेटाचा जवळजवळ चार-पंचमांश भागही तेवढ्याच मुदतीसाठी.

१९९ वर्षं! म्हणजे सात-आठ पिढ्या. याला भाडं म्हणायचं की विक्री?

१९६८ साली नोएल लॉइड नावाचा स्थानिक माणूस रस्त्यावर उतरला. त्याच्या पॉझिटिव्ह ॲक्शन मूव्हमेंटनं मोर्चे काढले, मागणी एकच, जमीन परत करा. शेवटी ब्रिटिश मदतीच्या जोरावर सरकारनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते हक्क परत विकत घेतले. आज रोड टाउनमध्ये लॉइड आणि त्याच्या चळवळीच्या नावानं बाग आहे.

आणि मूरिंग्जचा तळ कुठे आहे? विकहॅम्स के टू. त्याच भरावाच्या पट्ट्यात!

मला हे फार बोलकं वाटतं. आजही तिथे बाहेरच्या माणसाला जमीन घ्यायची तर सरकारचा खास परवाना लागतो. बोट मात्र रेझ्युमे आणि डिपॉझिटवर मिळते. पाहुण्याला काय द्यायचं आणि काय नाही, हे त्या छोट्या समाजानं भांडून ठरवलंय. आठवडाभर सुकाणू घ्या, पण किनारा आमचा.

अर्थात सगळं गोड नाही. ६ सप्टेंबर २०१७ ला पाचव्या श्रेणीचं इर्मा वादळ थेट या बेटांवर आलं. सुरक्षित म्हणून पॅराकीटा बेमध्ये बांधून ठेवलेल्या शेकडो चार्टर बोटी खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढल्या. पण बोटी परदेशातल्या मालकांच्या, बऱ्याचशा विमा उतरवलेल्या. त्या पुन्हा आल्या. छपरं उडालेली घरं स्थानिकांची होती, आणि ती सावरायला वेळ लागला. पर्यटनावर पोट असलं की वादळ दोनदा बसतं: एकदा घरावर, एकदा पगारावर.

थोडक्यात काय, तर भाड्याच्या प्रत्येक करारात खरा प्रश्न मुदतीचा असतो. सात दिवस ही मजा, १९९ वर्षं हा कब्जा. कोकणात समुद्राकाठच्या जमिनींच्या जाहिराती बघताना मला हल्ली नोएल लॉइड आठवतो.

असो. सोमवार आलाच, बिल्ड वाट बघतोय.