नागरिकांचा पहारा

पनवेलच्या गाढी नदीचा उगम माथेरानच्या डोंगररांगेत आहे. म्हणूनच केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम घोषित केला, तेव्हा तो निर्णय आम्हां पनवेलकरांच्याही हिताचा ठरला. त्याच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत अधिकाऱ्यांच्या जोडीला अशासकीय सदस्यांनाही स्थान देण्यात आले.

अशा मंडळाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा धडा डहाणूच्या इतिहासात आहे. १९९१ साली तो तालुका संवेदनक्षम ठरला; परंतु अधिसूचना कागदावरच राहणार असे दिसताच पर्यावरणप्रेमी नागरिक न्यायालयाची पायरी चढले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार तेथे प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदरास नकार दिला. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील गंधकाचे विषारी वायू रोखणारी यंत्रणा बसविण्याचा आग्रहही त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. २००७ साली ती कार्यान्वित झाली.

मात्र जुलै २०२३ मध्ये, मच्छीमारांचा विरोध कायम असताना, याच प्राधिकरणाने त्याच बंदरास अटींसह परवानगी दिली. न्यायालय मंडळाला अधिकार देऊ शकते. त्याची दृष्टी पिढ्यान्‌पिढ्या तीच राहील, याची हमी देऊ शकत नाही. एकदा मिळालेला नकार म्हणजे कायमचे अभय नव्हे. डोंगर आणि नदी यांचे रक्षण समितीवर सोपवून आम्हांला निश्चिंत होता येणार नाही. त्या समितीवरही पहारा ठेवावा लागेल.