कोळीनृत्य
कोळीनृत्य हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील कोळी समाजाचे पारंपरिक लोकनृत्य होय. वल्हे मारणे, जाळे टाकणे, लाटांवर होडी डोलणे अशा दर्यावर्दी जीवनातील क्रियांतून त्याच्या हालचाली घडल्या आहेत. श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मासेमारीचा नवा हंगाम सुरू होतो. त्या प्रसंगी व लग्नसमारंभांत हे नृत्य केले जाते. त्यासोबतच्या पारंपरिक कोळीगीतांचे कर्ते अज्ञात असून ती मौखिक परंपरेने टिकली आहेत. मात्र पुष्कळदा लोकगीत समजले जाणारे ‘मी डोलकर’ हे गीत कवयित्री शान्ता शेळके (१९२२–२००२) यांनी रचलेले असून त्याचे संगीतकार हृदयनाथ मंगेशकर आहेत. म्हणून कोळीगीतांच्या अभ्यासात लोकरचना व ज्ञात कवीची रचना यांत भेद करणे आवश्यक ठरते.