हिंगोली आणि आभासी संगणक: विजेचा हिशेब, वाहतुकीचा हिशेब

१/ १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात अमेरिकेतील व्हीएमवेअर कंपनीने एका साध्या संगणकात अनेक ‘आभासी’ संगणक चालविणारी प्रणाली बाजारात आणली. तेव्हा या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. आज तो जुळू लागला आहे.

२/ कल्पना मात्र जुनी. १९६० च्या दशकात संगणक अतिशय महाग असत. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात एकाच यंत्रातून अनेक आभासी यंत्रे निर्माण करण्यात आली. प्रत्येकास वाटे, संपूर्ण यंत्र आपलेच आहे. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ हे त्याचे अधिकृत उत्पादन झाले. त्या काळी वाचवायचा होता तो यंत्राचा वेळ.

३/ पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि प्रत्येक कामास स्वतंत्र सर्व्हर देण्याची रीत पडली. २००७ मध्ये गूगलचे बारोसो आणि होल्झले यांनी दाखवून दिले की, सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवरच चालतात. आणि जवळजवळ काहीही काम नसतानाही पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज घेतात.

४/ वसमतच्या हळद बाजाराचे उदाहरण घ्या. अर्धी रिकामी मालमोटारही डिझेल पितेच. म्हणून दोन गाड्यांचा माल एकीत भरणे शहाणपणाचे. सर्व्हरबाबतही तेच: आभासी यंत्रे मोजक्या सर्व्हरांत एकवटायची आणि उरलेले बंद करायचे.

५/ चालू काम न थांबवता आभासी यंत्र हलवायचे कसे? २००५ मध्ये केंब्रिज विद्यापीठ व कोपनहेगन येथील संशोधकांनी रीत मांडली. यंत्र चालू असतानाच त्याची स्मृती जाळ्यावरून दुसरीकडे उतरवायची, मधल्या काळात बदललेली पाने पुन्हा पाठवायची आणि शेवटी क्षणभरच थांबायचे.

६/ पण माल एकत्र करण्यासाठीही गाडी लागते. प्रत्येक स्थलांतर जाळ्यावर भार टाकते. सतत परस्परांशी बोलणारी दोन यंत्रे दूरच्या सर्व्हरांवर गेली, तर त्यांचा प्रत्येक संवाद अनेक स्विचांतून जातो. ते स्विचही वीज घेतात. एका खात्यात वाचवलेले दुसऱ्या खात्यात खर्ची पडू शकते.

७/ आता हिंगोलीकडे वळू. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. अपेक्षित खर्च २६०० कोटी रुपये. वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या.

८/ लायगोच्या वेधशाळेत मुख्य संकेताची नोंद दर सेकंदास १६,३८४ वेळा होते. मात्र लहर कोठून आली, हे एकटी वेधशाळा नेमके सांगू शकत नाही. दूरदूरच्या वेधशाळांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेत अमेरिका व इटलीतील नोंदी जुळवून आकाशाचा सुमारे ३० चौरस अंशांचा भाग निश्चित झाला आणि साधारण ११ तासांत दुर्बिणींना तो स्रोत सापडला.

९/ म्हणजे येथे वाहतूक टाळता येणार नाही: प्रकाश मावळण्यापूर्वी संकेत एकत्र यायलाच हवेत. याउलट, जुन्या नोंदींचे सखोल विश्लेषण थांबू शकते. पुण्याच्या ‘आयुका’त लायगोच्या विश्लेषणासाठी ‘सारथी’ हा संगणकसमूह आहे. असे काम विदा जेथे साठली आहे, तेथेच करणे हिताचे.

१०/ आभासी संगणकाच्या अर्धशतकी इतिहासातून हेच हाती लागते. रिकामे यंत्र बंद करणे हा निम्माच हिशेब. विदा किती दूर न्यावी लागली, हा उरलेला निम्मा. औंढ्याच्या माळावर ही दोन्ही खाती एकाच वहीत मांडावी लागतील.